चुल्ली आणि अंगारशकटी : पोलादपूरच्या स्वयंपाकघरांतील दोन अग्नि

कवींद्र परमानंदांच्या समाधीमुळें संशोधकांस परिचित असलेल्या पोलादपूर गांवीं आमचें राहतें घर आहे. त्याचें जुनें स्वयंपाकघर मोडून नवें बांधण्याचा विचार निघाला तेव्हां घरांत एक वाद उत्पन्न झाला. ओव्हन जोडलेली उभी शेगडी घ्यावयाची याविषयीं एकमत होतें; परंतु ती दुहेरी इंधनाची, म्हणजे वर गॅसचे बर्नर व खालीं विजेचा ओव्हन अशी असावी, असें चिरंजीवांचें म्हणणें पडलें; आणि वर-खालीं सर्वत्र गॅसच असावा, असा सूनबाईंचा आग्रह. आमचें मत विचारण्यांत आलें. तें देण्यापूर्वीं जुने आधार पाहिले, त्यांतून हा लेख झाला. सनदा-महजरांच्या शेजारीं चुलीस कां बसवितां, असा आक्षेप येईल. परंतु ताम्रपट पुरले तरी उरतात. चूल एकदां मोडली आणि वर सारवण झालें कीं तिचा मागमूस राहत नाहीं.

प्रथम अमरकोश घेऊं. द्वितीय कांडांतील वैश्यवर्गांत चुलीचीं अश्मंत, उद्धान, अधिश्रयणी, चुल्ली व अंतिका अशीं नांवें दिलीं आहेत. त्यांस लागूनच, परंतु निराळ्या वस्तूचीं म्हणून, अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती व हसनी हीं नांवें येतात. त्यांपुढें भाजण्याचें भ्राष्ट्र आणि मग कंदु किंवा स्वेदनी. कोशकारानें ज्वाळेचें स्थान व निखाऱ्याचें पात्र यांची सरमिसळ केलेली नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अंगारशकटी म्हणजे निखाऱ्यांची गाडी. यांतील ‘शकटी’पासूनच मराठी ‘शेगडी’ आली असें व्युत्पत्तिकार मानतात. जींत निखारा औषधालाही सांपडत नाहीं त्या गॅसच्या उपकरणास आज आपण शेगडी म्हणतों! शब्द टिकला, वस्तु पालटली.

याहूनहि जुना आधार श्रौतकर्माचा. दर्शपूर्णमास इष्टींत ऋत्विजांस द्यावयाचा अन्वाहार्य भात दक्षिणाग्नीवर शिजतो, म्हणून त्या अग्नीस अन्वाहार्यपचन हेंच दुसरें नांव आहे. पुरोडाश मात्र बहुधा गार्हपत्यावर, तापलेल्या कपालांवर भाजतात; अग्नीसाठीं आठ कपालें, अग्नीषोमांसाठीं अकरा. पुरोडाश कपालांवर ठेवला म्हणजे काम संपत नाहीं. त्यावर निखारे व ऊन राख पसरून तो झांकावा लागतो. या क्रियेस अभिवासन म्हणतात. खालून कपालाची धग आणि वरून राखेची, अशी योजना आहे. शिजविणें व भाजणें यांस भिन्न अग्नि हवेत, आणि भाजावयाचें तर उष्णता वरूनहि हवी, हीं दोन्ही तत्त्वें येथें स्पष्ट दिसतात.

आतां आमच्या घरची चूल पाहा. मुख्य चुलीच्या बाजूस वैल आहे. त्यास निराळें लांकूड लागत नाहीं, मुख्य चुलीची आंच आंतल्या भोंकांतून तिकडे जाते. चुलीवर भात, वैलावर आमटी. मागें भानवशीवर तयार पदार्थ ऊन राहत. स्वयंपाक आटोपला कीं निखारे शेगडींत ओढीत आणि त्यांवर दूध ठेवीत. भाद्रपदांत तवशीं आलीं कीं धोंडस होई. त्याचें पातेलें मंद निखाऱ्यांवर ठेवून झांकणावर निखारे पसरीत. अभिवासनाहून ही क्रिया तत्त्वतः निराळी नाहीं. नानकटाईहि अशीच, वर पत्रा टाकून, भाजली जाई. ज्वाळा भांड्याच्या बुडाशीं लागते. निखारा स्थिर धग देतो, व वर ठेवला तर खालींहि देतो. एकाच लांकडापासून हे दोन अग्नि काढण्याची ही युक्ति होती, आणि ती पुस्तक न वाचतां साधलेली होती.

इंधनाचा इतिहास थोडक्यांत सांगतों. सावित्रीच्या खोऱ्यांतील रानें, कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या, आणि कुलाबा जिल्ह्याच्या खाड्यांतून गलबतांनीं मुंबईस जाणारें जळाऊ लांकूड, हा एकोणिसाव्या शतकाचा देखावा. स्वीडनमध्यें सन १८९२ च्या सुमारास निघालेला प्रायमस स्टोव्ह पुढें आपल्याकडे रूढ झाला. त्यानें ज्वाळा दिली, निखारा दिला नाहीं. बाटल्यांतील गॅस ‘बर्शेन’ या नांवानें सन १९५५ च्या सुमारास मुंबईंत आला. खेड्यापाड्यांतील गरीब घरांत तो पोहोंचण्यास सन २०१६ ची उज्ज्वला योजना लागली. धुरानें डोळे गेलेल्या आज्या ज्यांनीं पाहिल्या आहेत ते गॅसास नांवें ठेवणार नाहींत. तथापि त्याबरोबर वरचा अग्नि गेला, आणि धोंडस कुकरमध्यें उकडूं लागलें.

येथवरच्या पुराव्यानें निवाडा चिरंजीवांच्या बाजूनें होतो. विजेच्या ओव्हनमध्यें तापणाऱ्या दांड्या वर व खालीं अशा दोन्हीकडे असतात; पातेल्यावरच्या निखाऱ्यांचें तें आधुनिक रूपच होय. गॅसच्या ओव्हनमध्यें मुख्य बर्नर बहुधा बुडाशीं असतो आणि वरची बाजू फिकी राहते. वर निराळा बर्नर असेल तरच रंग येतो. शिवाय एक किलो गॅस जळाला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें निघतें. त्यामुळें त्याची धग ओलसर, विजेची कोरडी. धोंडसास ओलावा बाधत नाहीं, नानकटाईस बाधतो.

परंतु दुसऱ्या अग्नीचें काम केवळ भाजण्याचें नव्हतें. रात्रीं निखारे राखेखालीं झांकून ठेवीत, आणि आषाढांत लांकडें ओलीं असलीं तरी सकाळीं त्यांवरूनच चूल पेटे. दुसरा अग्नि हा पहिल्याचा जामीन होता. हें लक्षांत घेतलें म्हणजे निवाडा फिरतो. दिनांक ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें, तेव्हां रायगड जिल्ह्यांतील कित्येक गांवांस अनेक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षीं जुलै महिन्यांत महाड पुरांत बुडालें, तळीये गांवावर दरड कोसळली, आमच्या तालुक्यांतहि दरडींनीं माणसें गेलीं. तवशीं पिकण्याचा जो हंगाम, तोच येथें वीज जाण्याचा. ज्या महिन्यांत ओव्हन हवा त्याच महिन्यांत जो थंड पडतो, त्यास जामीन कसें म्हणावें?

म्हणून पोलादपुरापुरतें आमचें मत सूनबाईंकडे झुकलें. पुण्यास घर असतें तर तें उलट दिलें असतें. त्यांतहि एक पेंच आहे. कांहीं गॅस-ओव्हनांची झडप विजेची ठिणगी किंवा तापलेली दांडी असल्याखेरीज उघडतच नाहीं; असा ओव्हन घेतल्यास गॅस असून अडलें. काडीनें पेटतो कीं नाहीं, हें दुकानदारास समोर पेटवावयास लावून पाहावें.

दुसरी सावधगिरी शिवछत्रपतींच्या एका पत्रावरून सुचते. चिपळूणनजीकच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें तें पत्र सर्वांस ठाऊक आहे. कोणी गवताजवळ स्वयंपाक करील, आगट्या पेटवील, उंदीर दिव्याची जळती वात नेईल, आणि सारें गवत जळून जाईल, अशी धास्ती त्यांत आहे. आज उंदीर वात नेत नाहीं. गॅसची रबरी नळी कुरतडतो. आमच्या माळ्यावरचे उंदीर पोथ्याहि खातात, तेव्हां त्यांच्या अभिरुचीविषयीं आम्हांस शंका नाहीं. नळी तारेच्या वेष्टणाची घ्यावी. हा गॅस हवेहून जड असल्यानें खोलगट जागीं सांचतो. सिलिंडर तळघरांत किंवा खड्ड्यांत ठेवूं नये.

जुनी चूल मागच्या पडवींत, वैलासह, जशीच्या तशी पुन्हां घालावयाची असें ठरलें आहे. मोडण्यापूर्वीं आम्हीं तिची लांबी, रुंदी, वैलाच्या भोंकाची उंची व तोंडाची दिशा यांचें टिपण करून ठेविलें. महाड, पोलादपूर व घाटमाथ्यावरील ज्या वाचकांच्या घरीं अशी चूल अद्यापि उभी असेल, त्यांनीं नवें काम काढण्यापूर्वीं याच क्रमानें तिचीं मापें घेऊन कळविल्यास आम्ही आभारी होऊं.