वस्त्रावरील स्वाक्षऱ्या

कापडावर न पुसणारी खूण करण्याची विद्या आपल्याकडील परिटांस फार पूर्वीपासून अवगत होती. बिब्ब्याच्या तेलाने धोतराच्या काठाशी खूण करावयाची व तीवर चुना लावावयाचा. मग ती कितीही भट्ट्यांतून गेली तरी जात नसे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला दिलेल्या ‘सेमेकार्पस’ या नावाचा ग्रीक अर्थही ‘खुणेचे फळ’ असाच आहे. परंतु परिटाची खूण कपडा कोणाचा एवढेच सांगते. माणसाने स्वहस्ते वस्त्रावर आपले नाव घालावे आणि दुसऱ्याने ते जतन करावे, ही गोष्ट निराळी.

अमेरिकेत १८४० नंतरच्या दशकात सह्यांच्या गोधड्यांची प्रथा फार बळावली. एखादे कुटुंब पश्चिमेकडील नव्या मुलखात जावयास निघाले, म्हणजे बहिणी व शेजारणी एकेक चौकटीवर सही करीत आणि त्या जोडून केलेली गोधडी बरोबर देत. पुन्हा दृष्टभेट होण्याचा संभव थोडाच असे. १८५० पूर्वीच्या तेथील खानेसुमारीत घरच्या कर्त्याचेच तेवढे नाव लिहीत. बाकीची माणसे नुसत्या आकड्यांत जात. सरकारी दप्तराने जिचा आकडा केला तिचे नाव एका चिंधीने राखावे, यात थोडी गंमत आहे आणि थोडी शरमही.

मात्र येथे शाईचा स्वभाव आडवा येतो. मायफळ व हिराकस यांची जुनी काळी शाई कागदावर शोभते. सुतावर तिच्यातील आम्ल व लोह हळूहळू धागाच खातात, आणि जे अक्षर टिकावे म्हणून लिहिले त्याच्याच जागी कापड विरते. म्हणून चांदीच्या क्षारापासून केलेली, ऊन वा उष्णता लागताच काळी पडणारी शाई लोकांनी पसंत केली. पण तीही अधिक तीव्र झाली तर वस्त्र जाळतेच.

सुईची सही या संकटातून सुटते. ससेक्स परगण्यातील वेस्ट होथली गावच्या ‘प्रीस्ट हाउस’ या संग्रहालयात एक हातरुमाल आहे. मार्च १९१२ मध्ये मताधिकारासाठी लंडनमधील दुकानांच्या काचा फोडून हॉलोवेच्या तुरुंगात गेलेल्या स्त्रियांनी त्यावर आपली नावे भरली. ६६ सह्या आणि आणखी दोघींची आद्याक्षरे. या स्त्रियांपैकी अनेकींनी पुढे अन्नत्याग केला व नळीने बळेच अन्न घालण्याचे हाल सोसले. सही लेखणीने क्षणात होते; तीच टाक्यांनी करावयाची म्हणजे एकेका वळणापाशी थांबावे लागते. पहारेकऱ्यांची नजर असता इतका वेळ आपल्या नावाशी घालविणे, हे मला काच फोडण्याहून अधिक धीराचे वाटते. आणि असा हा रुमाल १९७० च्या सुमारास जुन्यापुराण्या सामानाच्या विक्रीत सापडला!

तीस वर्षांनी तीच युक्ती सिंगापुरात कामास आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते शहर जपान्यांच्या हाती पडल्यावर चांगीच्या तुरुंगात कोंडलेल्या स्त्रियांना, कॅनडाच्या एथेल मल्व्हेनी यांच्या पुढाकाराने, सहा-सहा इंची चौकोन वाटण्यात आले: त्यावर आपल्या मनचे काही भरावे व नाव घालावे. त्यांतून तीन गोधड्या झाल्या. प्रत्येकीत ६६ चौकोन (हा आकडा येथे पुन्हा यावा हा निव्वळ योगायोग). वरकरणी त्या रुग्णालयातील जखमी सैनिकांसाठी होत्या. पलीकडे बंदीत असलेल्या पतीने आपले नाव वाचावे व आपण जिवंत आहो हे जाणावे, हा अंतःस्थ हेतू. एक इंग्रजांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि तिसरी जपानी जखमींसाठी. या तिसरीमुळे पहारेकऱ्यांचा संशय कमी होईल, असा हिशेब असावा.

अशा वस्त्रांना आता कोणी धूत नाही. पाण्याने रंग फुटतो आणि उजेडाने उडतो, म्हणून ती मंद प्रकाशात, घडी न पाडता ठेवावी लागतात. त्या तीन गोधड्यांपैकी दोन ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाकडे कॅनबेऱ्यात आहेत आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसपाशी. जपान्यांसाठी शिवलेली कॅनबेऱ्यातच आहे.