सेरेंगेटीची सफर : एका प्रवासाच्या आखणीमागील इतिहास

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात जाऊ इच्छिणाऱ्या प्रवाशास तीन प्रश्नांची उत्तरे आधीच शोधावी लागतात. कोणत्या महिन्यात जावे, कोणत्या वाटेने आत शिरावे आणि मुक्काम कोठे करावा, हे ते प्रश्न होत. मार्गदर्शक पुस्तिका त्यांची उत्तरे निसर्गाच्या हवाली करतात. पाऊस पडतो, गवत उगवते, कळप सरकतात आणि त्यांच्यामागून प्रवासी जातो, असे त्यांचे सांगणे असते. हे चित्र खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे. प्रवाशाच्या हाती येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेतील जवळजवळ प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या राजकीय वा प्रशासकीय निर्णयातून उतरली आहे, आणि त्यांतील काही निर्णयांची किंमत तेथील माणसांनी मोजली आहे.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतील आहे. त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’ असा असून त्याचे मूळ अरबी ‘सफर’ या शब्दात आहे. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीतही आला, म्हणून मराठी वाचकाला तो परका वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अंतर्भागात जाणारे हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांचे तांडे म्हणजे सफारी. त्यात शिकारीची हौस नव्हती. डोक्यावर ओझी घेतलेल्या हमालांच्या रांगा होत्या. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला आणि हे चित्र पालटले. त्या मार्गावर हिंदुस्थानातून नेलेले सुमारे बत्तीस हजार मजूर राबले, तर पुढे रेल्वेच्या व सरकारच्या कचेऱ्यांत गोव्याहून गेलेल्या कारकुनांनी जम बसविला. १८९९ मध्ये रेल्वेचा तळ म्हणून वसलेले नैरोबी अल्पावधीत शिकारी सफरींचे केंद्र झाले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मोंबासाला उतरले, तेव्हा त्यांच्या दिमतीला दोनशेहून अधिक हमाल होते. किनाऱ्यावरचा व्यापारी तांडा श्रीमंतांच्या शिकारीचा लवाजमा झाला तो या काळात.

सेरेंगेटी मात्र नैरोबीच्या बाजूस नव्हती. १८८६ च्या करारान्वये ब्रिटन व जर्मनी यांनी उंबा नदीच्या मुखापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत सरहद्द आखली होती. किलिमांजारोभोवतीचे वळण सोडले तर ही रेषा जवळजवळ सरळ आहे. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या त्या रेषेने एकाच कुरणाचे दोन तुकडे केले. दक्षिणेकडील मोठा भाग जर्मनांकडे गेला व पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या टांगानिकात आला, तर उत्तरेचा लहान भाग केनियात राहिला. तोच आजचा मासाई मारा. रेषेची दखल न घेणारे दोन घटक होते : वन्य कळप आणि मासाई गुराखी. कळपांना ती आजही अडवीत नाही.

‘केव्हा जावे’ या प्रश्नाचे उत्तर या कळपांवर अवलंबून आहे. साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात वाइल्डबीस्ट दक्षिणेकडील आखूड गवताच्या मैदानांत असतात. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या त्या गवतात माद्यांची वीण होते. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडील ग्रुमेती नदीच्या बाजूस वळतात, जुलैपासून उत्तरेत मारा नदीपाशी पोहोचतात आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परततात. दौऱ्यांच्या पत्रकांत या चक्राचे वर्णन ‘अनादी’ असे केलेले आढळते. स्थलांतर प्राचीन आहे हे खरे. परंतु आज दिसणारे त्याचे प्रचंड रूप तसे अलीकडचे आहे. १८९० च्या सुमारास गुरांची बुळकांडी पूर्व आफ्रिकेत पोहोचली. तिने मासाईंची बहुतेक गुरे मारली आणि वाइल्डबीस्ट व रानम्हशींनाही ग्रासले. ऑस्ट्रियन प्रवासी ऑस्कर बाउमन १८९२ मध्ये न्गोरोन्गोरोच्या परिसरात आला, तेव्हा त्याला उपासमारीने खंगलेले मासाई आढळले. पुढे युरोपीय शिकाऱ्यांना जी भूमी ‘निर्मनुष्य’ वाटली, ती काही अंशी या साथीने ओस पाडलेली होती, ही बाब पर्यटनविषयक लेखनात क्वचितच येते.

साथीचा शेवटही माणसाच्या हातून झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास उद्यानाभोवतालच्या गुरांना लस टोचण्यात आली आणि १९६३ च्या सुमारास वाइल्डबीस्टमधील बुळकांडी नाहीशी झाली. १९५८ च्या हवाई गणनेत त्यांची संख्या सुमारे एक लाख भरली होती. १९६१ च्या गणनेत ती अडीच लाखांच्या पुढे गेली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्याही वर. गणनेच्या पद्धतीतील फरक लक्षात घेतला तरी वाढ निर्विवाद आहे. मारा नदीच्या काठी मोटारींची दाटी करणारे दृश्य अशा रीतीने पशुवैद्यकीय मोहिमेचेही फलित ठरते.

‘कोणत्या वाटेने’ या प्रश्नाचे उत्तर १९५९ मध्ये ठरले. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून स्थापन झाले, तेव्हा न्गोरोन्गोरोचे उंच पठार व ज्वालामुखीचे विवर त्यातच समाविष्ट होते आणि मासाई तेथे गुरे राखीत होते. उद्यानात माणसांनी राहावे की नाही यावर प्रशासन, निसर्गरक्षण संस्था आणि मासाई यांच्यात तीव्र वाद झाला. १९५६ मध्ये सरकारने विभाजनाचा प्रस्ताव मांडला व पुढील वर्षी चौकशी समिती नेमली. १९५८ मध्ये मासाई वडीलधाऱ्यांकडून सेरेंगेटीवरील हक्क सोडल्याचा करार करून घेण्यात आला. हा करार त्यांना कितपत समजावून दिला गेला होता, यावर आजही वाद आहे आणि तो निरर्थक नाही. कारण लेखी दस्तऐवजाची परंपरा नसलेल्या समाजाचे काही प्रतिनिधी एका संपूर्ण कुरणावरील पिढ्यांचा वावर अंगठ्याच्या ठशाने संपवितात, ही कल्पनाच वसाहतवादी कायद्याची आहे. १९५९ मध्ये पूर्वेकडील भाग वेगळा होऊन सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचे न्गोरोन्गोरो संवर्धनक्षेत्र निर्माण झाले. मासाईंना तेथे राहण्याची मुभा मिळाली. सेरेंगेटीतून त्यांना निघावे लागले. मोबदल्यात उद्यानास उत्तरेकडे केनियाच्या सीमेपर्यंतचा भाग जोडण्यात आला. अरुशाहून सेरेंगेटीस निघालेल्या प्रवाशाला आधी न्गोरोन्गोरोचे व नंतर उद्यानाचे असे दोन स्वतंत्र प्रवेशशुल्क भरावे लागते, त्याचे कारण ही वाटणी होय. विणीचा हंगाम पाहण्यासाठी प्रवासी ज्या न्दुतू परिसरात मुक्काम करतात, त्याचा मोठा भागही उद्यानात नसून संवर्धनक्षेत्रात मोडतो.

१९५८ ची ती गणना फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक व त्यांचे पुत्र मिखाएल यांनी झेब्र्याचे पट्टे रंगविलेल्या लहान विमानातून केली होती. कळपांच्या वाटा नियोजित सीमांबाहेर जातात, असे त्यांचे निरीक्षण होते. जानेवारी १९५९ मध्ये गिधाडाशी टक्कर होऊन विमान कोसळले व मिखाएल मृत्यू पावले. त्यांच्या चित्रपटास १९६० मध्ये ऑस्कर मिळाले. पर्यटनाच्या इतिहासात मात्र ग्झिमेक यांची दुसरीच एक कृती अधिक महत्त्वाची ठरते. जर्मन दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमात त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या स्वस्त सामूहिक दौऱ्यांची माहिती दिली. प्रत्यक्षात तसे दौरे त्या वेळी अस्तित्वातच नव्हते! प्रेक्षकांची विचारणा सुरू झाली आणि पर्यटनसंस्थांना ते काढावे लागले. या युक्तीच्या नैतिकतेविषयी मतभेद संभवतात, परिणामाविषयी नाही. सफर श्रीमंत शिकाऱ्याकडून कॅमेरा बाळगणाऱ्या मध्यमवर्गीयाकडे आली.

१९६१ मध्ये स्वतंत्र झालेल्या टांगानिकाने, १९६४ पासूनच्या टांझानियाने, उद्याने जपली व परकीय चलनासाठी पर्यटनही स्वीकारले. परंतु पर्यटक नैरोबीत उतरत, केनियातील संस्थांच्या गाड्यांतून येत आणि सेरेंगेटी पाहून परत जात. मिळकतीचा मोठा वाटा सीमेपलीकडे जाई. १९७१ मध्ये किलिमांजारो आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, तरी जुनी सवय मोडली नाही. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय कोसळला, टांझानियाने केनियाशी असलेली सीमा बंद केली आणि आत सापडलेल्या केनियन पर्यटनसंस्थांची वाहने अडकवून ठेवली. ही बंदी १९८३ पर्यंत टिकली. टांझानियाची पर्यटकसंख्या घसरली. केनियाने मासाई मारा हेच स्वतंत्र आकर्षण म्हणून पुढे आणले. सीमा पुढे उघडली, पण दोन्ही उद्यानांमधील बोलोगोंजा येथील वाट पर्यटकांच्या गाड्यांसाठी बंदच राहिली. मारा व सेरेंगेटी एकाच दौऱ्यात पाहू इच्छिणाऱ्याला म्हणून पश्चिमेकडील इसेबानिया अथवा पूर्वेकडील नामांगा येथून मोठा वळसा घ्यावा लागतो, किंवा विमानाचा आधार शोधावा लागतो. वाइल्डबीस्ट ते अंतर विनापरवाना ओलांडतात.

मुक्कामाचा प्रश्न आज सर्वांत अधिक संवेदनशील आहे. मासाईंना न्गोरोन्गोरोत दिलेली मुभा टप्प्याटप्प्याने आकसत गेली : १९७४ मध्ये विवराच्या तळाशी राहणाऱ्यांना हलविण्यात आले, पुढे शेतीवर निर्बंध आले. उद्यानाच्या पूर्वेस असलेल्या लोलिओंदोत जून २०२२ मध्ये सुमारे १,५०० चौरस किलोमीटर कुरणाची सीमा आखताना पोलीस व मासाई यांच्यात संघर्ष झाला. त्यात एक पोलीस मृत्युमुखी पडला आणि अनेक मासाई जखमी झाले. त्याच वर्षी न्गोरोन्गोरोतील कुटुंबांचे शेकडो किलोमीटर दूर, हांदेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे स्थलांतर सुरू झाले. शासनाने हे स्थलांतर ऐच्छिक म्हटले. मासाई संघटनांनी ते नाकारले. अरुशाकडून येणारी मोटार न्गोरोन्गोरोच्या उतारावर गुरांचे कळप आणि लाल शुका पांघरलेले गुराखी मागे टाकीत नाबी हिलच्या प्रवेशद्वाराशी येते. चिठ्ठी दाखवून ती पुढे जाते. गुरांना त्या कमानीपलीकडे १९५९ पासून वाट नाही.