सावित्री नदीवरील जुना दगडी पूल (महाड)

मुंबई–गोवा महामार्गावर, महाडजवळ (जि. रायगड), सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. नदीची कथा पुलाहून फार जुनी. महाबळेश्वरी ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्री उशिरा पोहोचली, तिच्या जागी गायत्री बसलेली दिसली; संतापून तिने देवांना नद्या होण्याचा शाप दिला आणि स्वतःही नदी होऊन पश्चिमेला कोकणात उतरली, अशी ती कथा. तिच्यात नदीचा स्वभाव नेमका आला आहे: घाटमाथ्यावरचा प्रचंड पाऊस थोडक्या अंतरात खाली कोसळतो आणि भरतीची वेळ असली की पूर तुंबतो.

पुलाची लोककथा मात्र दिशाभूल करते. ‘पुलाचे आयुष्य संपले’ असे विलायतेहून पत्र आले होते, असे महाराष्ट्रातल्या अनेक इंग्रजकालीन पुलांविषयी सांगतात. एकच पत्र इतक्या पुलांच्या नावाने फिरते, यावरूनच ते कागदापेक्षा कल्पनेतले अधिक वाटते. दगडी कमान ठरावीक वर्षांनी निकामी होत नाही. वरच्या भाराने तिचे दगड एकमेकांवर दाबले जाऊन घट्टच बसतात. घाटमाथ्यावर पार येथे कोयनेवर परंपरेने शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे. यावर आक्षेप असा, की महाडला शेजारचा नवा पूल त्याच पुरात टिकला, तेव्हा दोष वयाचाच. पण ही तुलना दोन वयांची नाही, दोन पायांची आहे. चुना झिजतो, सांध्यांत झाडे रुजतात, हे खरेच. परंतु ती देखभालीची बाब आहे. पुराचे पाणी खांबाच्या बुडाची माती ओढून नेते, आणि ती झीज वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. म्हणून जुन्या पुलाचे जन्मवर्ष मोजण्याऐवजी दर पावसाळ्यानंतर पाण्याखालचा पाया तपासला पाहिजे. पडलेल्या पुलाच्या जागी १६५ दिवसांत नवा पूल बांधण्यात आला; ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला.