चंद्रावरच्या कॅमेऱ्याची शिदोरी

१४ डिसेंबर १९७२. अपोलो १७ चे दोघे अंतराळवीर चंद्र सोडून निघाले आणि ते उड्डाण पृथ्वीवर दूरचित्रवाणीवर दिसले. यान वर जाऊ लागले तसा कॅमेराही वर वळला. चंद्रावर माणूस उरलेला नसताना तो कॅमेरा चालत होता कशावर?

उत्तरासाठी जुलै १९६९ मध्ये जावे लागते. अपोलो ११ चा वेस्टिंगहाउसचा कृष्णधवल कॅमेरा जेमतेम साडेसहा वॅट वीज घेई. घरातल्या लहानशा एलईडी दिव्याइतकी. सेकंदाला तो अवघी १० चित्रे पाठवी. तरीही वीज यायची ती अवतरण-यानातून, केबलवाटे. त्या केबलमध्ये आर्मस्ट्राँगचा पाय अडकला आणि ऑल्ड्रिनला त्याला सावध करावे लागले!

जिथवर केबल, तिथवरच चित्र. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे वीर कोन विवराकडे चढून गेले, तेव्हा कॅमेरा मागे यानापाशीच राहिला.

त्याच वर्षी जुलैत अपोलो १५ ने रोव्हर नेला आणि वीज चाकांवर आली. गाडीत चांदी-जस्ताच्या दोन बॅटऱ्या होत्या. प्रत्येकी ३६ व्होल्ट, १२१ अँपिअर-तास. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट-तास : एका बॅटरीत ४,३५६, दोन्हींत मिळून ८,७१२. अपोलो ११ च्या कॅमेऱ्याला हा साठा कागदावर दीड महिन्याहून अधिक पुरला असता. पण रोव्हरच्या चारही चाकांना पाव-पाव अश्वशक्तीची मोटर होती. त्या पूर्ण जोराने फिरल्या, तर बारा तासही निघाले नसते. खरा खादाड कॅमेरा नव्हता, गाडी होती.

या बॅटऱ्या पुन्हा चार्ज होणाऱ्या नव्हत्या. चंद्रावर चार्ज करणार तरी कोण? वजनाच्या मानाने भरपूर ऊर्जा, हाच निवडीचा निकष.

हिशेबाने रोव्हर सुमारे ९२ किलोमीटर धावू शकत होता. प्रत्यक्षात अपोलो १७ चा रोव्हर सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३६ किलोमीटर फिरला. गाडी बंद पडली तर प्राणवायू संपण्याआधी पायी परतता यावे, म्हणून यानापासून फार दूर जाण्याची मुभाच नव्हती. बॅटरीत उरलेली वीज कॅमेऱ्याच्या वाट्याला आली.

तरी उड्डाण टिपायला तीन मोहिमा लागल्या. अपोलो १५ च्या कॅमेऱ्याची वर-खाली वळणारी यंत्रणा बिघडली. अपोलो १६ चे यान चौकटीबाहेर निसटले. संदेश चंद्रावर पोहोचायला सव्वा सेकंदाहून अधिक वेळ लागे, म्हणून ह्यूस्टनमधील एड फेंडेल यांनी अपोलो १७ च्या वेळी यान हलण्याआधीच आज्ञा सोडली. या खेपेस ते चौकटीत राहिले.

तो रोव्हर, कॅमेरा आणि बॅटऱ्या टॉरस-लिट्रो खोऱ्यात अजून उभ्या आहेत.