अंगठेबहाद्दर

मराठी भाषेनं अंगठ्यावर जेवढा अन्याय केला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याही अवयवावर केला नसेल. नाक वर असतं, मान ताठ असते, छाती पुढे काढता येते, आणि एवढ्याशा करंगळीवर तर गोवर्धन उचलल्याची नोंद आहे. अंगठ्याच्या वाट्याला काय आलं? तान्ह्या पोरानं चोखायचा, न देणाऱ्यानं दाखवायचा, गुरूनं दक्षिणा म्हणून कापून मागायचा आणि लिहिता न येणाऱ्यानं शाईत बुडवायचा. 'अंगठाछाप' ही शिवी, आणि 'अंगठेबहाद्दर' म्हणजे त्याच शिवीला बांधलेला फेटा.

आणि आता पहा. ज्या घरात चार पदव्या, दोन चष्मे आणि एक कॉम्प्युटर आहे, त्या घरात सकाळी उठून माणूस पहिलं काम काय करतो? अंगठा उठवतो! आमच्या लेकीनं आणलेल्या नव्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात नखाएवढा एक चौकोन आहे. त्यावर बोट टेकलं की पडदा उजळतो आणि नाव घेऊन माझं स्वागत करतो. ह्या घरात माझं इतकं विनातक्रार स्वागत दुसरं कुणीही करत नाही.

पूर्वी तिथं परवलीचा शब्द लागे. तो निदान आठ अक्षरांचा हवा, त्यात एक अक्षर मोठं, एक आकडा, एक चिन्ह, आणि बायकोचं नाव तर मुळीच नको. गडाच्या दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यालाही इतकं अवघड उत्तर लागत नसावं. आमच्याकडे तो शब्द स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहिलेला असे, त्यामुळे घरात कुणाला आठवला नाही तरी दूधवाल्याला पाठ होता.

"बाबा, आता काही लक्षात ठेवायचं नाही," लेक म्हणाली. "नुसता अंगठा."

छत्तीस वर्षं कचेरीत सह्या करून शेवटी नुसता अंगठा! हे कोणी सुरू केलं म्हणून मी पुस्तकं चाळायला बसलो. वाटलं होतं, अमेरिकेत मूळ सापडेल. सापडलं बंगालात.

आता माणूस ओळखायचा कसा, ही अडचण फार जुनी. दुष्यंतानं शकुंतलेला खुणेची अंगठी दिली. ती पाण्यात पडली, माशानं गिळली आणि राजेसाहेबांनी भर दरबारात हात वर केले. अंगठीऐवजी अंगठा चालत असता तर कालिदासाचं नाटक पाचव्या अंकातच आटोपलं असतं. अंगठी हरवते, अंगठा हरवत नाही, एवढी साधी गोष्ट. पण ती सरकारदरबारी पोहोचायला १८५८ साल उजाडावं लागलं.

सत्तावन्नच्या उठावाची धग अजून विझायची होती. साहेबाचा कुणावरही विश्वास नव्हता. बंगालात जंगीपूरला विल्यम जेम्स हर्शेल नावाचा पंचवीस वर्षांचा अंमलदार होता. हा खानदानी माणूस. ह्याच्या आजोबांनी १७८१ साली दुर्बिणीतून युरेनस शोधून काढला होता. नातवाला रस्त्यासाठी दोन हजार मण चुनखडीचे खडे हवे होते. राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी सौदा ठरला, करारनामा तयार झाला, आता सही करायची, तेवढ्यात साहेबाला लहर आली. कचेरीच्या शिक्क्यासाठी घरीच बनवलेली तेलकट शाई होती. ती त्यानं कोनाईच्या तळहाताला फासली आणि सबंध पंजा कागदाच्या पाठीवर उमटवला. त्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं. पुढं 'ही सही माझी नव्हेच' असं म्हणायची कोनाईची छाती होऊ नये, त्याला जरा दहशत बसावी, एवढाच हेतू. हर्शेलनं हे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

पण ह्या हकिकतीतली खरी मेख पुढंच आहे. तो सबंध करारनामा कोनाईनं स्वतःच्या हातानं लिहिला होता! म्हणजे सरकारी कागदावर साहेबानं ज्याचा पहिला छाप घेतला, तो माणूस चांगला लिहितावाचता होता. अंगठ्याचा आणि निरक्षरतेचा संबंध मागाहून जुळला. मुळात त्याचा संबंध अविश्वासाशी. लिहिता येत होतं तरी लिहिलेलं चालेना, म्हणून हात लावावा लागला.

हर्शेलला मग नादच लागला. तो येणाऱ्याजाणाऱ्याचे, मित्रांचे आणि स्वतःचे ठसे घेत सुटला. स्वतःची बोटं तर त्यानं पन्नासाहून अधिक वर्षं उमटवली आणि सिद्ध केलं, की केस पिकले, गाल बसले तरी बोटावरची रेघ जागची हलत नाही. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्यानं दस्तनोंदणीला, तुरुंगातल्या कैद्यांना आणि पेन्शनरांना बोटांचे ठसे लावले. पेन्शनरांना अशासाठी, की म्हातारा वारला तरी घरचे लोक त्याच्या नावानं पेन्शन आणत. ह्या पेन्शनरांना वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. ते पुढं पुन्हा भेटणार आहेत.

इकडे टोकियोत हेन्री फॉल्ड्स हा स्कॉटिश मिशनरी डॉक्टर त्याच वाटेनं निघाला होता. त्याच्या इथलं स्पिरिट कोणीतरी पिऊन टाकी. त्यानं भांड्यावरच्या तेलकट बोटांवरून तो तहानलेला इसम शोधून काढला आणि १८८० साली 'नेचर'मध्ये पत्र छापलं. पुढच्याच महिन्यात हर्शेलचं पत्र आलं, की हे तर आम्ही वीस वर्षं करतो आहोत. त्यानंतर 'पहिला कोण' हा वाद दोघांच्या म्हातारपणापर्यंत चालला. १८९२ साली फ्रान्सिस गाल्टननं ह्या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि हिशेब मांडला, की दोन बोटांचे ठसे जुळण्याचा संभव ६४ अब्जांत एक.

पण खरी अडचण वेगळीच होती. ठसे घेणं सोपं, शोधणं अवघड. हजारो कागदांच्या ढिगातून चोराचा कागद काढेपर्यंत चोर शिक्षा भोगून नातवंडांत रमायचा. ही गाठ सोडवली कलकत्त्याच्या दोघा फौजदारांनी, काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. हक मूळचा प्रेसिडेन्सी कॉलेजातला गणिताचा विद्यार्थी. पोलिसखात्याचे मुख्य एडवर्ड हेन्री यांनी त्याला कामाला घेतलं होतं.

हकनं जे केलं ते समजायला गणित नको, आजी हवी. आमची आजी मुलाचा हात हातात घेऊन बोटांवरची चक्रं मोजायची. दहा चक्रं म्हणजे राजयोग. माझ्या हातावर तिला दोन सापडली, तेव्हा ती नुसतीच "शिक हो नीट" म्हणाली होती. तर हकनंही चक्रंच मोजली. दहा बोटांच्या पाच जोड्या पाडल्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, दुसरीत ८, मग ४, मग २, मग १. चक्र नसेल तर शून्य. जोडीतल्या एकेका बोटाची बेरीज वेगळी मांडली, दोन्हींत एकेक मिळवला, की ३२ गुणिले ३२ असे बरोबर १०२४ कप्पे तयार. ज्याचा जो आकडा, त्याचा तो कप्पा. कागद सापडायला काही मिनिटं!

कॉम्प्युटरच्या माहीतगारांनी इथं कान टवकारले असतील. आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, आणि दहा वेळा दुप्पट केलं की १०२४. कॉम्प्युटरची सारी बाराखडी हीच. त्याचा किलोबाइट १०२४ चाच मोजत आले. कॉम्प्युटर जन्मण्याआधी अर्धं शतक कलकत्त्यात एका सबइन्स्पेक्टरनं लाकडी कपाटाचाच कॉम्प्युटर करून ठेवला होता.

१८९७ साली कलकत्त्याला जगातलं पहिलं ठसे कार्यालय उघडलं. त्याच साली जलपायगुडीकडे चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. मागं राहिलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. तो एका जुन्या नोकराचा निघाला. कोर्टानं अंगठ्यावरून चोरी मान्य केली, खून नाही. पंचांगावर हात ठेवूनही मुहूर्त चुकलेला असा माणूस विरळा.

हेन्रीसाहेबांनी १९०० साली पुस्तक लिहिलं, १९०१ साली ते स्कॉटलंड यार्डात गेले, तिथं ठशांचं कार्यालय काढलं, पुढं सर झाले. जगभर पद्धतीचं नाव झालं 'हेन्री पद्धत'. हक यांना खानबहादूर केलं, बोस यांना रायबहादूर. दुनियेचे अंगठे ज्यांनी रांगेला लावले, त्यांना साहेबानं बहादुरी दिली आणि नावापुरता अंगठा दाखवला.

घरगुती कॉम्प्युटरला बोट चिकटलं ते थेट २००४ च्या सुमारास. मायक्रोसॉफ्टनं त्या साली घरच्या कॉम्प्युटरला जोडायची लाल उजेडाची एक डबी विकायला काढली आणि सोबत बजावलं, की नाजूक, पैशाअडक्याच्या माहितीच्या रक्षणासाठी ही वापरू नये! कुलूप विकताना 'दागिने मात्र ह्यात ठेवू नका' म्हणणारा दुकानदार तरी प्रामाणिकच म्हणायचा. पुढं २०१३ साली अॅपलच्या फोनवर आणि २०१५ साली विंडोजच्या नव्या आवृत्तीत बोट रीतसर नांदायला आलं. आतला प्रकार असा, की आजचा चौकोन बोटाचा फोटो जपून ठेवत नाही. रेघ कुठं संपते, कुठं तिला फाटा फुटतो, एवढ्या खुणांचं टिपण ठेवतो आणि दर खेपेला ताडून पाहतो.

तरीही हुशारी करणारे आहेतच. योकोहामाच्या विद्यापीठातल्या त्सुतोमू मात्सुमोतो ह्या प्राध्यापकांनी २००२ साली जेलीच्या मिठाईत घालतात त्या जिलेटिनची बोटं करून अकरा यंत्रांपुढं धरली आणि यंत्रं फसली. २००८ साली जर्मनीतल्या काही कॉम्प्युटरवाल्यांनी गृहमंत्री शॉयब्ले यांच्या पाण्याच्या पेल्यावरचा ठसा उचलून आपल्या मासिकातच छापला; कारण हे मंत्री बोटांच्या ठशांचे मोठे पुरस्कर्ते. टोकियोचा स्पिरिटचा पेला सव्वाशे वर्षांनी असा बर्लिनला पोहोचला. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. बोट फुटलं तर? देवानं दहाच दिली आहेत, आणि बदलून मिळत नाहीत.

पण माझी चिंता ह्याहून साधी आहे. लेकीनं कॉम्प्युटरला घरातल्या सगळ्यांची बोटं शिकवायला घेतली. माझा अंगठा त्यानं पहिल्या झटक्यात घेतला. छत्तीस वर्षांत ह्या अंगठ्यानं पेनापलीकडं काही उचललेलं नाही. आमच्या सौ.च्या तर्जनीवर विळीचे वण. यंत्र म्हणे, 'पुन्हा ठेवा.' सहाव्या खेपेला ती म्हणाली, "अहो, तुम्ही तरी लग्नात एकदाच विचारलंत." शेवटी तिची डावी अनामिका पसंत पडली. धुणंभांडी करणाऱ्या मावशी फडकं घेऊन पाहत उभ्या होत्या. "माझं बघा हो वळखतंय का," म्हणाल्या. एकेक करून दहाही बोटं ठेवून झाली. यंत्राच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच.

"रेशनचं मशीन बी असंच करतंय," मावशी म्हणाल्या. "केसाला अंगठा घासायचा, पदराला पुसायचा. तीन खेपा घातल्या की एकदा घेतं."

मी माझी नवी विद्या पाजळली. म्हटलं, "मावशी, रेघांचं मूळ कातडीच्या आतल्या थरात असतं. साबणानं, राखेनं वरची झिजते एवढंच. काही आठवडे हाताला आराम दिलात की रेघा परत उमटतील."

"आराम?" मावशी म्हणाल्या. "मग त्या मी मेल्यावरच उमटायच्या, काका."

आणि मला हुगळीचे पेन्शनर आठवले. हर्शेलला मेलेला माणूस जिवंत म्हणून खपायला नको होता. नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या सरकारनंही पेन्शनरांना बोट टेकवून हयातीचा दाखला द्यायची सोय केली. सोय चांगलीच, पण ज्यांची बोटं म्हातारपणानं गुळगुळीत झाली, ते जिवंत असून यंत्रापुढं जिवंत ठरेनात. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवूनही दाखला मिळू लागला, हे बरं झालं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावच्या एका बाईंना मिळाला. कष्टाच्या हातांपासूनच आरंभ झाला, हे योग्यच झालं. फक्त यंत्राला अजून गुळगुळीत कागदासारखे, बिनकामाचे अंगठेच चटकन वाचता येतात.

एकेकाळी अंगठा ही राबणाऱ्यांची निशाणी होती आणि सही आमची. आता आमच्यासारख्या रिकाम्या हातांनी त्यांचा अंगठाही घेतला. मावशींनी काय करावं?

त्यांनी त्यांचं केलं आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या सौ.कडून त्या नाव लिहायला शिकल्या. दर महिन्याच्या एक तारखेला पगार मोजून घेतात, ओले हात पदराला पुसतात आणि वहीत सही करतात. सहीला वेळ लागतो. शेवटी वरची रेघ ओढतात, ती अगदी सरळ.

तोवर मी शेजारी बसून अंगठा उठवत असतो.