गोल गोळी आणि मंद पीळ : ठासणीच्या शिकारी रायफलीचे गणित

१/ काळ १८६० च्या दशकाचा, स्थळ सातपुड्याचे रान. शिकाऱ्याच्या हाती ठासणीची रायफल. बार उडाला की पुन्हा दारू ओतावी, गोळी बसवावी, गजाने ठासावी. तोवर जखमी वाघ थांबत नसे. म्हणून गोळी कोणती घ्यावी आणि नळीतल्या खाचांना पीळ किती द्यावा, हा प्रश्न जिवाचा होता.

२/ मुळात पीळ कशासाठी? गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी वाटेल तशी गिरकी घेते आणि त्या गिरकीपायी वाट सोडते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे पीळदार नळीचे महत्त्व मांडले. अशा नळीतली गोळी आपल्या प्रवासाच्या दिशेभोवतीच भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते.

३/ मात्र सर्व गोळ्यांना सारखी गिरकी लागत नाही. लांबट गोळी हवेच्या दाबाने कोलमडू पाहते. तिला सावरण्यास वेगवान गिरकी, म्हणजे घट्ट पीळ हवा. गोल गोळीला पुढचे-मागचे टोकच नाही, त्यामुळे ती कोलमडण्याचा प्रश्न नाही. तिला मंद गिरकी पुरते.

४/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लष्करांनी लांबट गोळी स्वीकारली. १८५३ च्या एनफील्ड रायफलीत ७८ इंचांत एक फेरा होता. व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीत तर २० इंचांतच एक फेरा. लांब पल्ल्यावर तिची अचूकता थक्क करणारी होती. साहजिकच शिकाऱ्यांनाही तिचा मोह पडला.

५/ पण रानातला नेम चांदमारीसारखा नसतो. अंतर मोजलेले नसते. जड लांबट गोळी तुलनेने संथ सुटते, तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो. अंतराचा अंदाज थोडा चुकला, की गोळी जनावराच्या पाठीवरून तरी जाते, नाहीतर पाय मोडून त्याला जखमी सोडते.

६/ मध्य प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६३ साली ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या ग्रंथात याचे उत्तर दिले : गोल गोळीकडे परत चला, मात्र दारू भरपूर घाला. वेग वाढला की जवळच्या पल्ल्यात मार्ग जवळपास सपाट होतो आणि अंतराची चूक पोटात घेतली जाते.

७/ येथेच पिळाची मेख आहे. घट्ट पिळाच्या नळीत दारू वाढवली, तर गोल गोळी खाचांचे वळण धरत नाही. खाचा ओलांडून सरळ निसटते आणि नेम बिघडतो. म्हणून फोर्सिथ यांनी पीळ सैल केला. १४ बोअरच्या नळीला सुमारे १०४ इंचांत एक फेरा. म्हणजे २६ इंच नळीत जेमतेम पाव फेरा!

८/ १४ बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या १४ गोळ्या. प्रत्येकीचा व्यास सुमारे ०.६९ इंच, वजन ५०० ग्रेन, म्हणजे ३२ ग्रॅमांहून थोडे अधिक. गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाने वाढते : व्यास दुप्पट, तर वजन आठपट. म्हणून मोठ्या जनावरासाठी गोल गोळी घ्यायची, तर नळी रुंदच हवी.

९/ पुढे १८७९ च्या सुमारास ग्रीनहिल या गणितज्ञाने लांबट गोळ्यांसाठी सूत्र दिले : १५० ला व्यासाच्या वर्गाने गुणा, लांबीने भागा, येईल तितक्या इंचांत एक फेरा. त्यात फोर्सिथ यांची गोल गोळी घालून पाहा. लांबी आणि व्यास दोन्ही ०.६९, उत्तर येते सुमारे १०४ इंच! सूत्र गोल गोळीसाठी नव्हते, म्हणून याला योगायोगही म्हणता येईल. पण मोठा बोलका योगायोग.

१०/ लवकरच मागून भरायच्या रायफली आल्या आणि ठासणीचे युग सरले. तरी एक धडा उरला : नवे ते नेहमीच सरस नसते. लष्कराच्या मैदानावर जिंकलेली गोळी रानात हरू शकते. आधी गोळीचे काम ठरवावे, मग गोळी, आणि पीळ सर्वांत शेवटी. (समाप्त)