अंगठ्याचं माप

मीटिंगमध्ये मी सवयीने ‘रूल ऑफ थंब’ म्हणालो. टीममधली एक मैत्रीण म्हणाली, “बायकोला अंगठ्याहून बारीक काठीने मारायची मुभा देणारा इंग्रजी कायदा होता तो.”

घरी शोधलं. असा कायदा नव्हताच. ढोबळ अंदाज या अर्थाने हा वाक्प्रचार सतराव्या शतकातही सापडतो. १७८२ मध्ये न्यायाधीश बुलर तसं बोलल्याची वदंता पसरली आणि गिलरेने काठ्या विकणारा ‘जज थंब’ रंगवला. मी जिंकलो!

मग १८६८चा नॉर्थ कॅरोलिनातला खटला सापडला. छडी अंगठ्याहून जाड नव्हती म्हणून खालच्या कोर्टाने नवऱ्याला सोडलं. वरच्या कोर्टाने अंगठ्याचं माप नाकारलं, पण घरच्या किरकोळ मामल्यात पडत नाही म्हणत सुटका कायम ठेवली.

तिला ‘तू चुकलीस’ असा मेसेज टाइप केला होता. तो पुसला.